मोहरीएवढा थेंब

बुधवार उजाडला की थेंबबाईंच्या तोंडी लागायची कोणाची टाप नव्हती. एरवी बाई तशा बोलक्या, आपल्या डब्यातलं दुसऱ्यापुढे सरकवणाऱ्या, चहाच्या वेळी मोठ्याने हसणाऱ्या. पण बुधवारी डोळ्यांचे डॉक्टर यायचे, आणि सकाळी कपाळावर चढलेली आठी शेवटचं बाळ तपासून होईपर्यंत उतरायची नाही. वॉर्ड होता दिवस भरायच्या आधीच जन्मलेल्या बाळांचा. चौदा काचेच्या पेट्या, प्रत्येक पेटीत ओंजळीत मावेल एवढा जीव, आणि प्रत्येकाच्या उशाशी ठोके नि श्वास मोजणारा एकेक पडदा. बाईंनी नर्स म्हणून या खोलीत बावीस वर्षं काढली. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, पण ते वाचायची वेळ कोणावर आली नाही.

थेंबबाई हे नाव आधी चेष्टेनेच पडलं. ते कसं पडलं आणि पुढे त्याच नावाने मोठमोठे डॉक्टर त्यांना कसे अदबीने हाक मारायला लागले, ते सांगायचं तर आधी थोडं डोळ्यांबद्दल सांगायला हवं.

फार लवकर जन्मलेल्या बाळाचं एक दुखणं असतं. डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या खरं तर आईच्या पोटातच पुऱ्या वाढायच्या. त्या बाहेर येऊन वाढायला लागल्या की कधी कधी वाट सोडून भलतीकडेच पसरतात. वरून काहीएक दिसत नाही, बाळ आपलं छान झोपलेलं. वेळेत सापडलं तर लेझरने डोळा वाचवता येतो. नाही सापडलं तर आतला पडदा सुटतो, आणि मग जन्मभराचा अंधार. ते सापडायला आत डोकवावं लागतं, आत डोकवायला डोळ्याची बाहुली मोठी करावी लागते, आणि त्यासाठी औषधाचे थेंब घालावे लागतात. म्हणजे थेंब हवेतच. त्याबद्दल बाईंचं कधी दुमत नव्हतं.

त्यांच्या डोक्यात किडा शिरला तो गुरुवारचा. बुधवारी डोळे तपासलेल्या बाळांची पोटं गुरुवारी फुगायची. नळीने दिलेलं दूध तसंच पोटात पडून राहायचं. कोणी पांढरंफटक पडायचं, तर कोणी मध्येच श्वास घ्यायलाच विसरायचं, की वाजलीच पडद्यावरची घंटी. पायाच्या तळव्याला टिचकी मारली की बाळ पुन्हा श्वास घ्यायचं. सगळे म्हणायचे, एवढ्या बाळांचं हे असंच चालायचं.

वॉर्डच्या मुख्य डॉक्टरीणबाईंना सगळे मॅडम म्हणत. बाईंनी त्यांना गाठलं.

"मॅडम, बुधवारी थेंब घातले की गुरुवारी यांची पोटं फुगतात."

"सिस्टर, एवढ्याशा बाळांची पोटं कुठल्याही वारी फुगतात."

"फुगतात ना? मग गुरुवारीच जास्त का?"

मॅडमना तेवढा वेळ नव्हता. त्या पुढच्या पेटीकडे गेल्या. बाई मात्र वहीत गुरुवारची पोटं लिहू लागल्या. बाकीच्या नर्सेसना तेवढंच निमित्त पुरलं. "आल्या बघा थेंबबाई, सांभाळा आपापली पोटं," असं चालायचं. बाई ऐकून घ्यायच्या, आणि ड्यूटी लावताना नेमकी त्याच पोरींना रविवारची पाळी द्यायच्या. अंगात हा खवचटपणा होता, तो का लपवावा!

आता त्यांची फजिती. थेंब घालायची त्या वेळची रीत अशी, की बाळाच्या पापण्या दोन बोटांनी उघडायच्या आणि वरून बाटली दाबायची. मोठ्या माणसासाठी केलेली बाटली ती, थेंबही मोठ्या माणसाचाच. बाळाचा डोळा जेमतेम हरभऱ्याएवढा. निम्मं औषध गालावरून ओघळून जायचं. बाकीच्या नर्सेस त्याकडे कानाडोळा करायच्या, बाईंना मात्र तो ओला गाल बघवायचा नाही. कापसाने पुसावं तर त्या कांद्याच्या पापुद्र्यासारख्या कातडीला ओरखडा उठतो. म्हणून त्या हात स्वच्छ धुवायच्या, हातमोजा न घालता अनामिकेने तो ओघळ हलकेच टिपायच्या. काळजीपोटी नियम मोडायचा, ही त्यांची जुनी खोड.

एका बुधवारी पाच बाळांचे गाल असे टिपून झाल्यावर त्यांच्या उजव्या डोळ्यात पापणीचा केस गेला. बाईंनी बोटाने डोळा चोळला आणि कामाला लागल्या. अर्ध्या तासाने औषधाच्या बाटलीवरची अक्षरं पुसट दिसायला लागली. खिडकीकडे पाहिलं तर उजेड नुसता टोचत होता. एका शिकाऊ डॉक्टरने सहज त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याची पाचावर धारण बसली. डावी बाहुली तिळाएवढी, उजवी वाटाण्याएवढी! त्याने पुस्तकात वाचलेलं, असं दिसलं की डोक्यात रक्तस्राव. त्याने एकच आरडाओरडा केला. क्षणात स्ट्रेचर आलं, बाईंना आडवं केलं, कोणी रक्तदाब मोजतंय, कोणी विचारतंय, "सिस्टर, आज वार कोणता?"

"बुधवार! गाढवांनो, मला उठू द्या!" बाई ओरडत होत्या. आणि रुग्ण असं ओरडायला लागला की डॉक्टर लोकांची खात्रीच पटते.

डोळ्यांचे डॉक्टर बॅटरी घेऊन धावत आले. त्यांनी डोळा बघितला, मग बाईंचं बोट बघितलं, आणि भिंतीला टेकून पोट धरून हसले. "काही झालेलं नाही हो यांना! बाळांचं औषध यांनी स्वतःच घातलंय डोळ्यात. उद्यापर्यंत उतरेल." सगळा वॉर्ड हसला. ते नाव पक्कं झालं ते त्या दिवशी.

बाई हसल्या नाहीत. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, "सर, माझं वजन अठ्ठावन्न किलो. गालावरून पुसलेलं, बोटाला चिकटलेलं, वाळत आलेलं औषध माझ्या डोळ्याची ही गत करतं. मग किलोभरसुद्धा नसलेल्या पोराच्या डोळ्यात, गालावर, नाकात, पोटात मिळून ते काय करत असेल?"

डॉक्टरांचं हसू ओसरलं. "कमी घातलं आणि बाहुली उघडलीच नाही, तर मी बघू काय?" ते म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं.

वाट सापडली ती घरी. बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. गल्लीच्या तोंडाशी चार हातांचं दुकान, काचेखाली हारीने मांडलेली घड्याळं, डोळ्याला लावायचं भिंग आणि बोलणं मोजून मापून. दुसऱ्या दिवशी, गॉगल लावून, बाई दुपारी डबा घेऊन दुकानात गेल्या तेव्हा ते एका घड्याळाला तेल देत होते. बाटलीतून नव्हे. सुईसारख्या बारीक तारेचं टोक तेलात बुडवायचं आणि चाकाच्या खुंटीला नुसतं टेकवायचं.

"एवढंसंच?" बाईंनी विचारलं.

"एवढंच लागतं. जास्त झालं की आत पसरतं, आणि चालणारं घड्याळ बंद पडतं."

बाई गॉगलआडून त्या तारेकडे बघत बसल्या. "अगं, जेव की," असं ते दोनदा म्हणाले. बाईंचं लक्षच नव्हतं.

पुढे सहा महिने त्यांनी मॅडमची पाठ सोडली नाही. अखेर मॅडमनी सगळे कागद वाचून, वरची परवानगी काढून, रीतसर तपासायचं ठरवलं. औषध निम्म्या ताकदीचं बनवून घेतलं. सलाईनची सुई काढून टाकली की जी मऊ बारीक नळी उरते, तिच्या टोकाने मोहरीएवढा थेंब खालच्या पापणीच्या आत सोडायचा. नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा हलक्या बोटाने मिनिटभर दाबून धरायचा, म्हणजे औषध नाकावाटे पोटात उतरत नाही. बाहेर आलेलं मऊ ओल्या कापडाने लगेच टिपायचं, आणि हो, हातमोजा घालून! मग ठोके, श्वास, पोट, दूध सगळं लिहायचं, आणि बाहुली किती उघडली ते कागदावर काढलेल्या गोलांशी ताडून बघायचं.

बाहुल्या उघडल्या. सगळ्या नाही, आणि बाईंनी ते लपवलं नाही. तिघांना दुसरा थेंब लागला तो त्यांनी घातला, आणि वहीत ठळक लिहिला. काळ्याभोर डोळ्यांची बाळं जरा उशीर लावतात, हेही त्यांच्या लक्षात आलं. तिथे घाई केली की माणूस थेंबावर थेंब घालत सुटतो. त्यांना थेंब कमी आणि धीर जास्त लागतो, असं बाई म्हणायच्या. गुरुवारची पोटं मऊ राहायला लागली. घंट्या पुरत्या थांबल्या नाहीत, पण कमी झाल्या. डोळ्यांचे डॉक्टर एकदा स्वतःहून म्हणाले, "थेंबबाई, मला सगळं दिसतंय. चालू द्या तुमचं." बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आणि इथेच त्या चुकल्या. नळी त्यांनी दुसऱ्या कोणाच्या हातात म्हणून दिली नाही. "तुम्हाला नाही जमायचं, व्हा बाजूला," असं म्हणत तीन वर्षं प्रत्येक बुधवार स्वतःच्या हाताने केला. मॅडम म्हणायच्या, सगळ्यांना शिकवा, लिहून भिंतीवर लावा. बाई म्हणायच्या, लावते, आणि लावायच्या नाहीत. आपल्यावाचून अडतं, हे कोणाला आवडत नाही?

मग एका बुधवारी बाई तापाने अंथरुणाला खिळल्या. सात नंबरच्या पेटीत एक मुलगी होती, जन्मली तेव्हा आठशे ग्रॅमची, डोळे काळेभोर. पाळीवर एक नवी नर्स होती. तिने थेंब घातला, बाहुली उघडेना. डॉक्टरांना पुढे जायची घाई होती. त्या नर्सने दुसऱ्या थेंबासाठी नळीशी झटापट केली, जमेना, तेव्हा बाटली उचलली आणि दोन मोठे थेंब घातले. वीस मिनिटांनी सात नंबरचा श्वास थांबला. टिचकीने आला नाही. घशातून श्वासाची नळी घालून मशीनवर घ्यावं लागलं, तपासणी राहिली ती राहिलीच. दोन दिवसांनी मुलगी मशीनवरून सुटली, पण तिची आई त्या दोन दिवसांत दहा वर्षांनी थकली.

आई पोस्टात पत्रं लावायचं काम करायची. बोलायला मऊ, पण एकदा नाही म्हटलं की नाही. पुढच्या बुधवारी संमतीचा कागद तिने न वाचताच परत केला. "डोळे बघायचे नाहीत. मला ती जिवंत हवी आहे."

मॅडमनी समजावलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी समजावलं, जरा आवाज चढवूनच. मुलीचं वजन, दिवस, इतके दिवस लागलेला प्राणवायू, सगळं बघता दुखणं याच आठवड्यात जोर धरणार होतं. आणखी आठवडा गेला तर लेझरलाही उशीर होईल. आई भिंतीकडे बघत बसली.

मग बाई तिच्याशेजारी बाकावर जाऊन बसल्या. ताप उतरला होता, पण तोंडाची चव गेलेली.

"अगं, त्या दिवशीची चूक त्या पोरीची नाही. माझी आहे," त्या म्हणाल्या. "चांगली रीत माझ्या हातात होती, आणि ती मी कोणाला शिकवली नाही. मला मिरवायचं होतं. शिकवली असती तर तुझ्या लेकीवर ही वेळ आली नसती."

आईने पहिल्यांदाच मान वळवली. दवाखान्यात चूक कबूल करणारं माणूस तिने त्या दोन महिन्यांत पाहिलं नव्हतं. बाईंनी तिचा हात उलटा धरला आणि तळव्यावर बाटलीतून पाण्याचा एक थेंब टाकला. तो बशीसारखा पसरला. मग शेजारी नळीने दुसरा ठेवला. तो मोहरीएवढा, जिथल्या तिथे.

"आज हा घालणार. तिला काहीच होणार नाही, अशी शपथ मी घेणार नाही, खोटं बोलवत नाही मला. पण औषध कितीतरी कमी जाईल, आणि सबंध दिवस मी तिच्या पेटीपासून हलणार नाही."

आईने त्या दोन थेंबांवरून नजर वर केली. "तुम्हीच घालणार?"

"मीच. आणि ती पोरगी शेजारी उभी राहून शिकणार."

आईने तळवा साडीला पुसला आणि सही केली.

सकाळी दहाला बाईंनी दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब सोडला, कोपरे दाबले, टिपलं. नवी नर्स श्वास रोखून बघत होती. पडद्यावर ठोके सुरळीत चालले होते. अर्ध्या तासाने डॉक्टरांनी बॅटरी मारली. बाहुली अर्धीच उघडलेली.

"घाला आणखी एक," ते म्हणाले.

"थांबू या, सर. हिचे डोळे काळेभोर आहेत. उघडतायत, पण सावकाश."

"मागच्या वेळी बघता आलं नाही. आजही नाही बघता आलं तर जबाबदार कोण?"

"पंधरा मिनिटं द्या. नाही उघडली तर दुसरा थेंब मी माझ्या हाताने घालते."

डॉक्टर कपाळाला हात लावून खुर्चीत बसले. बाईंच्या गणवेशावर पिनेने लावलेलं घड्याळ होतं, यजमानांनीच जुन्या भागांतून जुळवलेलं. त्याचा काटा हलता हलत नव्हता. काचेच्या दारापलीकडे आई उभी होती. आणि खरं सांगायचं तर बाईंनाही खात्री नव्हती. धीर धरायचा म्हणजे आपला हेका चालवायचा, असं तर होत नाही ना? आपण पुन्हा मिरवतोय का? बाहुली उघडली नाही तर ही मुलगी आंधळी होईल, आणि दुसरा थेंब सोसला नाही तर श्वास थांबेल. त्यांनी बाळाच्या छातीवरून नजर हटवली नाही.

पंधरा मिनिटांनी बॅटरीच्या उजेडात बाहुली काठापर्यंत पसरलेली दिसली. दोन्हीकडे. डॉक्टर वाकले, भिंग धरलं, एक डोळा, मग दुसरा. सरळ झाले तेव्हा चेहरा उतरला होता.

"आहे. दोन्ही डोळ्यांत आहे, आणि पुढे गेलेलं आहे. उद्याच लेझर करतो." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "पुढच्या बुधवारी बघितलं असतं तर नुसतं बघतच राहिलो असतो."

दार ढकलून आत आलेल्या आईने ते ऐकलं आणि ती दाराशीच मटकन खाली बसली. "म्हणजे मी सही केली नसती तर..."

"केलीस ना? झालं तर मग," बाई म्हणाल्या आणि तिच्या शेजारी फरशीवरच बसल्या. रडल्या दोघीही.

गुरुवारी बाईंची सुट्टी होती. तरी सकाळीच आल्या, लेझरच्या आधी पेटीत हात घालून पोट चाचपलं. लोण्यासारखं मऊ. घरी जायच्या आधी त्यांनी सगळी रीत मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावली. पुढच्या बुधवारी नळी नव्या नर्सच्या हातात दिली आणि स्वतःचे हात पाठीमागे घट्ट बांधून उभ्या राहिल्या. जिभेला मात्र बांध घालता आला नाही.

याला पाच वर्षं झाली. एका सुट्टीच्या दुपारी बाई दुकानात बसल्या होत्या. यजमानांच्या हातून एका जुन्या घड्याळाचा स्क्रू उडाला, खसखशीच्या दाण्याएवढा. तसा दुसरा मिळणार नव्हता. दोघंही साठीकडे झुकलेली, भिंगं लावून फरशीवर रांगत होती. एवढ्यात पोस्टातली आई घड्याळाला पट्टा बसवायला आली, बोटाला धरून लेक. तिच्या नाकावर जाड भिंगांचा चष्मा, दोरीने मागे बांधलेला.

"आजी, काय शोधताय?" मुलीने विचारलं.

"काही नाही गं बाळा, बारीक आहे. तुला नाही दिसायचं." तोंडातून निघून गेलं, आणि बाईंनी जीभ चावली.

मुलगी उकिडवी बसली. चष्मा नाकावर वर सरकवला, मान एकदा इकडे, एकदा तिकडे केली. मग टेबलाच्या पायाजवळ बोटाचं टोक टेकवलं आणि ते बाईंच्या नाकासमोर धरलं. टोकाला स्क्रू चिकटलेला होता.

"हे का?"

यजमानांनी चिमट्याने स्क्रू उचलून बशीत ठेवला. बाईंनी तिथेच फरशीवर बसून त्या पोरीला जवळ ओढलं, आणि ती "आजी, चष्मा दुखतोय" म्हणेपर्यंत सोडलं नाही.